सागरगोटे

आधी मी फळं मांडायची.
सफरचंदं आठवड्यात सुरकुतायची,
पेअर आतून बसके व्हायचे,
आणि केळं तर नवऱ्यानेच खाल्लं एका दुपारी.
चित्रात अर्धंच आहे ते अजून.

म्हणून समुद्रावर गेले.
कम्ब्रियाचा किनारा, मार्चअखेर,
वारा असा, की टोपी डोक्यावर नाही, हातात.
ओहोटीने उघडे टाकलेले दगड:
तांबडे, जांभळट, शिसवी,
एक हिरवा, त्याच्या पोटावरून तिरकी पांढरी शीर गेलेली,
मुंज झाल्यासारखी.
पाच उचलले. कोटाचा खिसा उसवला.

घरी उत्तरेच्या खिडकीत मांडले
आणि पाहते तर पाचही एकाच रंगाचे,
चुलीतल्या राखेच्या.
रंग वाटेतच उतरून गेले होते,
कुठल्या तरी कुंपणापाशी, मला न सांगता.

शेजारचे एडविन टायसन आले होते, शिडी परत करायला.
तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस,
समुद्राच्या तळाच्याही खाली.
त्यांनी हिरवा उचलला, सरळ जिभेने चाटला
आणि खाली ठेवला.
हिरवा पुन्हा हिरवा झाला. मिनिटभर.
"तेवढ्यात उरक," म्हणाले,
आणि साखर आहे का विचारलं, चहात.

गणिताच्या नानिवडेकर बाई मला दगड म्हणायच्या.
दगड म्हणजे ज्याला काही कळत नाही तो.
एकोणीस दिवस बसले मी त्या पाचांसमोर.
कळत नव्हतं ते मलाच,
तेव्हा बाईंचं तसं बरोबरच होतं.

शेवटी कोरडेच रंगवले.
राखेत काय काय निघालं:
पारव्याच्या मानेवरचं निळं,
ताकाचं पांढरं,
जुन्या तांब्याचा, चिंचेने न घासलेला, काळवंडलेला तांबूसपणा.
रंग जमले. वजन जमेना.
कॅनव्हासवर दगड तरंगायचे पापडासारखे.
मग एका संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, दिसलं:
दगड जिथे टेबलाला टेकतो
तिथे एक रेघ असते, केसाएवढी,
सावलीहूनही काळी.
सगळं वजन त्या रेघेत.
एवढीशी रेघ. ओढताना हात थरथरला माझा.

गावाचं नाव सेंट बीज.
कुणा एका संत बाईचं नाव म्हणतात, मला मात्र बीच ऐकू येते त्यात.
आमच्याकडे उलटं.
बीच असायची ती, काटेरी शेंगेतली, करडी, गुळगुळीत,
आणि आम्ही म्हणायचो सागरगोटे.
बार्शीच्या ओसरीवर, समुद्र कुणीच पाहिलेला नाही,
शालन एक वर उडवायची
आणि तो खाली यायच्या आत चार उचलून
त्यालाही झेलायची, बांगड्या न वाजवता.
माझा नेहमी आधीच पडायचा.

किनाऱ्यावर पाटी आहे, दगड नेऊ नयेत म्हणून.
वाचली होती. पाचही परत नेऊन ठेवले.
हिरवा ठेवला, दोन पावलं गेले, वळून पाहिलं,
तर कुठला तो ओळखू येईना.
एकोणीस दिवसांची ओळख.

गावच्या हॉलमध्ये चित्र लागलं, केकच्या टेबलामागे.
टायसन बराच वेळ उभे राहिले चष्मा पुसत.
मग म्हणाले, "दगड चार आहेत.
सावल्या पाच."

हो, म्हटलं.
एक वर आहे अजून.